अंजीर हलवायचे दिवस

२१ जून

वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून जागा कोरी सोडली आहे. तुला जे नाव चालेल ते तिथे आहे असं समज.

मी ताई. अक्षर ओळखलं असशीलच. मीही तुझं ओळखलं, म्हणून तर हे पत्र. शेजारच्या बाई प्रवासाला गेल्या होत्या, येताना एका रोपवाटिकेतून शेवंतीचं रोप घेऊन आल्या. कुंडीत खोचलेल्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सकाळचं ऊन. मुळाशी पाणी साचू देऊ नये.' त्यातला 'ळ' पाहिला आणि मी कुंपणाशीच थबकले. 'ळ'च्या पोटात एक जास्तीची गाठ मारणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं आहे. पट्टी मागून घेतली. मागच्या बाजूला रोपवाटिकेचा पत्ता छापलेला होता. एकोणीस वर्षं तू कुठे आहेस हे मला माहीत नव्हतं, आणि ते असं कुंडीत मातीत खोचलेलं सापडलं.

कामाचं विचारते. आमच्या मागच्या अंगणात माझी पाच झाडं आहेत. अंजीर अकरा वर्षांचं, डाळिंब त्याहून थोडं लहान, दोन गुलाब आणि एक लिंबू. तुझे भाऊजी तिथे गाडीसाठी शेड बांधणार आहेत. मार्चमध्ये काम सुरू. नकाशा त्यांनी स्वतःच काढला. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण हातातली पट्टी-पेन्सिल काही सुटली नाही. नकाशा छान आहे, मापं चोख आहेत. जिथे झाडं आहेत तिथे बारीक अक्षरात लिहिलंय, 'रिकामी जागा'.

चहाचा कप नेमका त्या अक्षरांवर ठेवला आणि बाहेर आले.

मला ही झाडं दुसरीकडे न्यायची आहेत. इतकी मुरलेली झाडं हलवायला वर्षातला चांगला काळ कुठला? शेजारच्या बाई म्हणतात, दोन सरी पडल्या की लगेच. त्यांचा नवरा म्हणतो, कधीही हलवा, मरायचं ते मरतंच. मला जाणतं माणूस हवं आहे, आणि तुझ्याइतकं जाणतं माझ्या ओळखीत कुणी नाही.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी हलवणार आहेच. फक्त मग चुकीच्या वेळी हलवीन.

ताई

(खाली माझा फोन नंबर लिहिला आहे. लागलाच तर असावा.)


१६ जुलै

तुझं कार्ड मिळालं. पाठ झालं आहे, तरी समोर ठेवून लिहिते.

'आता हात लावू नका. उन्हात पानं पाणी मागतात आणि तुटलेली मुळं ते देऊ शकत नाहीत. अंजीर, डाळिंब, गुलाब हे पानं गळल्यावर आणि नवे डोळे फुटायच्या आधी. लिंबाची पानं गळत नाहीत, ते थंडी सरताना. ऑक्टोबरात चर खणावा लागेल, तेव्हा विचारा.'

सही नाही. 'लावू नका' आणि 'विचारा'. मी तुझ्याहून आठ वर्षांनी मोठी, पण तू मला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतंस. लहानपणी तर माझी वेणी धरून 'ए ताई, चल ना' म्हणायचीस. असो. पाच ओळींत जेवढं हवं होतं तेवढं सगळं आहे, आणि सल्ल्याला मानापमान नसतो.

तेव्हा ऑक्टोबरपर्यंत हात लावणार नाही. वाट पाहणं मला येतं. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तेच केलं, मुलांचं मिश्रण निवळेपर्यंत परीक्षानळीकडे बघत बसायचं.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. त्या दुपारी तू दारात उभी होतीस तेव्हा तुझे भाऊजी नको म्हणाले. त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. घरात त्यांच्या शब्दापुढे माझं काही चालत नाही. माझ्या हातात काय होतं?

एवढंच.

ताई


३० ऑगस्ट

एक गुलाब गेला. माझ्याच हाताने गेला, म्हणून आधी तेच लिहिते.

विटांचा ट्रक सहा महिने आधीच आला. तुझे भाऊजी म्हणाले, स्वस्त मिळत होत्या. मी बाहेर गेले होते, परत आले तर कोपऱ्यातल्या गुलाबाला खेटून विटांचा ढीग. दोन फांद्या खाली दबलेल्या. तुझं कार्ड स्वयंपाकघरात भिंतीला लावलेलं आहे, ते मी वाचलंही, आणि तरी कुदळ घेतली. भर दुपारी तो गुलाब उपटला आणि बादलीत लावला. चौथ्या दिवशी पानं कागदासारखी वाजायला लागली. आठव्या दिवशी मी काडी मोडून पाहिली, आतून कोरडी ठणठणीत.

रागाच्या भरात केलं. त्या रागाचं त्या गुलाबाला काही देणंघेणं नव्हतं.

मग मी एकटीने विटा उचलल्या आणि कुंपणापाशी नेऊन रचल्या. दोन दिवस लागले. तुझे भाऊजी खिडकीतून बघत होते. दुसऱ्या दिवशी बाहेर येऊन म्हणाले की माणूस लावला असता. मी म्हटलं, विटा परत हलल्या तर मी परत उचलीन. त्यानंतर विटा हलल्या नाहीत.

आता तुझ्या दुसऱ्या कार्डाचं उत्तर. तू विचारलंस, झाडं कुठे नेणार, तिथे ऊन किती, माती कशी.

शाळेच्या मागच्या गल्लीत एक बैठं घर आहे. त्याच्या दोन खोल्या आणि मागचा मोकळा तुकडा मी भाड्याने घेतला आहे. ऊन सकाळी नऊपासून तीनपर्यंत, पश्चिमेला शाळेची भिंत. माती वरवर चिकट, हातभर खाली भुसभुशीत. खड्डा करून पाणी ओतलं, तासाभरात जिरलं. मुठीत दाबली तर गोळा होतो, बोट लावलं की फुटतो. मी प्रयोगशाळेतली बाई, अंदाजपंचे कळवणार नाही.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. खोल्या झाडांसाठी लागत नाहीत. झाडांबरोबर मीही जाणार आहे.

अजून घरात बोलले नाही. चौसष्टाव्या वर्षी हे काय सुचलं, असं सगळे म्हणतील. म्हणोत. माझी पेन्शन आहे, गुडघे शाबूत आहेत.

ताई


१२ ऑक्टोबर

चर खणला. तू लिहिलंस तसाच. अंजिराच्या बुंध्यापासून दीड हात सोडून गोल, पण एका वेळी अर्धाच. अर्धा आता, उरलेला तीन आठवड्यांनी, म्हणजे झाडाला एकदम धक्का बसत नाही. मनगटाएवढी दोन मुळं लागली, ती करवतीने सफाईने कापली. चरात पालापाचोळ्याचं खत भरलं, म्हणजे आतल्या बाजूला नवी बारीक मुळं फुटतील आणि हलवताना तीच उपयोगी पडतील. हे एक वर्ष आधी करायला हवं होतं, असंही तू लिहिलंस. कळलं. पण वर्षापूर्वी मला माहीत नव्हतं.

मी गुडघाभर चरात उभी होते तेव्हा तुझे भाऊजी आले. शेडचा पाया खणायला अजून वेळ आहे, म्हणाले. मी म्हटलं, हा पाया नाही. मग तिथेच, कुदळ हातात असताना सगळं सांगितलं. खोल्या, जानेवारी, झाडं, मी.

ते विटांवर बसले. मग म्हणाले की शेड नको असेल तर राहू दे, नाही बांधत. मला हे अपेक्षित नव्हतं. चाळीस वर्षांत त्यांनी काढलेली रेघ कधी खोडली नव्हती. मी म्हटलं, बांधा शेड, तुमची गाडी उन्हात तापते. मी तरीही जाणार.

का, असं त्यांनी विचारलं. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं, भांडायला नाही. आणि उत्तर द्यायचं तर मला तुझ्याबद्दल सांगावं लागलं. त्यांना जे सांगितलं तेच आता तुला लिहिते.

त्या दुपारी ते घरी नव्हते. मोजणीच्या कामाला चार दिवस बाहेरगावी गेले होते. तू आलीस, हातात एक पिशवी, उजवं मनगट सुजून टम्म झालेलं. आई-बाबा जाऊन वर्षं झाली होती, तुला माझ्याशिवाय दुसरं दार नव्हतं. तू म्हणालीस, थोडे दिवस राहू दे. मी दार अर्धंच उघडलं होतं. म्हटलं, हे आत झोपलेत, ते नको म्हणतात, तू परत जा, बोलून मिटव.

आत कुणी नव्हतं. घर रिकामं होतं.

का केलं, हे मी एकोणीस वर्षं स्वतःला निरनिराळं सांगत आले. लोक काय म्हणतील, तुझा नवरा दारात येऊन तमाशा करील, जागा लहान आहे. ते सगळं खोटं नव्हतं, पण खरं वेगळंच होतं. तुला पाहिलं आणि मला राग आला. वाटलं, मी इतकी वर्षं निमूट चालवते आहे, हिला कसं जमलं पिशवी उचलायला? तू निघालीस याचा राग आला, बारके. तू जिन्याच्या वळणावर थांबून एकदा वर पाहिलंस आणि मी दार लावून घेतलं.

तुझे भाऊजी ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एवढी वर्षं हे माझ्या नावावर होतं?" मी हो म्हटलं. ते म्हणाले की मी असतो तर आत घेतलं असतं. घेतलं असतं की नाही देव जाणे, पण तसं म्हणायचा त्यांना हक्क आहे. तो मी त्यांना मिळूच दिला नव्हता.

मग त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "या संसारात मी एकदाच स्वतःच्या मनाने काही ठरवलं, आणि ते असं ठरवलं. मला दुसऱ्यांदा ठरवून बघायचं आहे."

ते उठून आत गेले. मी तो अर्धा चर पुरा केला.

जुलैमधल्या पत्रातही तुला खोटंच लिहिलं होतं. ते फाडून टाक, किंवा ठेव. तुझी मर्जी.

ताई


२४ नोव्हेंबर

सहा आठवडे झाले, कार्ड नाही. मी ते गृहीत धरलं होतं, म्हणून तक्रार नाही. झाडांचं तेवढं कळवते.

चराचा दुसरा अर्धा भाग झाला. अंजिराची पानं पिवळी पडून गळायला लागली आहेत, रोज टोपलीभर झाडते. डाळिंब मागे आहे. उरलेला गुलाब अजून एक कळी धरून बसला आहे, त्याला कुणी ऋतू सांगितलेला दिसत नाही.

नव्या जागी खड्डे खणून ठेवले. गोणपाट, सुतळी, दोन पहारी जमवल्या. हातगाडी शाळेच्या शिपाईमामांची, आधी एकत्र काम केलेलं, त्यांनी नाही म्हटलं नाही. दोन घरांत पायी बारा मिनिटांचं अंतर आहे, गाडी ढकलत पंचवीस लागतील.

जानेवारीचा दुसरा रविवार ठरवला आहे. तोवर सगळी पानं गळलेली असतील. तुझं उत्तर आलं नाही तरी तोच रविवार.

एक शंका होती, जुन्या मातीच्या खुणेपेक्षा खोल लावायचं की वर. शेजारच्या बाईंचा नवरा म्हणतो खोल लाव, घट्ट बसेल. त्याचं ऐकण्याआधी तुला विचारलेलं बरं, म्हणून लिहिते.

ताई


१८ जानेवारी

बारके,

तू स्वतः तिथे होतीस, तरी हे लिहिते. माझ्या बाजूने ते कसं दिसलं ते तुला माहीत नाही.

रविवारी सकाळी साडेआठला मी नव्या अंगणात खड्ड्यांत पाणी ओतत होते. फाटक वाजलं. मला वाटलं शिपाईमामा. मान वर केली तर तू, खांद्यावर दोराचं वेटोळं, केस कापलेले आणि पांढरे. माझ्या हातातली बादली तशीच राहिली. तू माझ्याकडे पाहिलंसच नाहीस, सरळ खड्ड्यात डोकावलीस आणि म्हणालीस, "फार खोल आहे. अर्धा भर."

एकोणीस वर्षांनंतरचं पहिलं बोलणं. मला त्यातलं एकच ऐकू आलं. तू 'भरा' म्हणाली नव्हतीस.

मी अर्धा भरला.

मग जुन्या घरी. तू अंजिराच्या फांद्या तिसऱ्या हिश्शाने छाटल्यास, मी त्या उचलून कुंपणाशी रचल्या. तुझे भाऊजी न बोलावता बाहेर आले, बाह्या दुमडून. तू त्यांना नमस्कार केलास. ते म्हणाले, "मी त्या दिवशी घरी नव्हतो." तू म्हणालीस, "वाचलं पत्रात. तुम्ही उजवी बाजू धरा." आणि आपण चौघांनी, शिपाईमामा धरून, तो मातीचा गोळा गोणपाटावर घेतला. त्या अजस्र गाठोड्याला सुतळी बांधताना तुझे हात इतके भराभर चालत होते की मी बघतच राहिले. ती कला कुठे, कशी शिकलीस, ते मला माहीत नव्हतं. तुझं अर्धं आयुष्य मला माहीत नव्हतं.

रस्त्यात हातगाडीपुढे तू चालत होतीस आणि वाहनं थांबवत होतीस. एक मोटारवाला भोंगा वाजवून चिडला तर तू त्याला म्हणालीस, झाड आहे, त्याला पळता येत नाही. शिपाईमामा अजून ते सांगून हसतात.

दुपारी पायरीवर डबा खाताना तू बोललीस. तू एकदाच बोललीस. माझ्या दारातून तू बसस्थानकावर गेलीस. दोन दिवस तिथल्या बाकावर बसून काढलेस, एका बाकावर फार वेळ बसलं की लोक बघतात म्हणून बाक बदलत. तिसऱ्या दिवशी मिळेल त्या गाडीत बसलीस, जिथे उतरवलं तिथे उतरलीस. समोर रोपवाटिका होती आणि पिशव्यांत माती भरायला माणूस हवं होतं. उजवा हात चालत नव्हता, म्हणून महिनाभर डाव्या हाताने माती भरलीस. मालकीणबाईंनी तेव्हा काही विचारलं नाही. पुढे विचारलं तेव्हा तू म्हणालीस, मला कुणी नाही.

मी म्हटलं, "चुकले मी."

तू डब्याचं झाकण लावलंस आणि म्हणालीस, "मी माफ करायला आलेले नाही. मुळं तोडलेलं झाड नुसत्या पत्रावर सोडवेना, म्हणून आले."

"चालेल," मी म्हटलं.

चालेलच. तू ज्या कारणासाठी आलीस ते कारण मला पुरेसं आहे. दुसरं मिळावं म्हणून मी तुला गळ घालणार नाही.

त्या दिवसापासून मी इथे राहते. भांडी कमी आणली, पुस्तकं सगळी आणली. पहिले दोन दिवस घर फार शांत वाटलं. तिसऱ्या दिवशी तीच शांतता आवडली. तुझे भाऊजी परवा आले होते. दारात थांबून म्हणाले, आत येऊ का? हे त्यांनी कधी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. चहा पिऊन, अंजिराला बांधलेले आधाराचे दोर नीट आहेत का ते तपासून गेले.

ताई


२२ एप्रिल

बारके,

आधी झाडं, म्हणजे तू पत्र खाली ठेवणार नाहीस.

डाळिंबाला पालवी आहे. गुलाब आनंदात. लिंबू तू सांगितलंस तसं मार्चच्या पहिल्या आठवड्यात हलवलं, त्याने निम्मी पानं टाकली, पण उरलेली धरून आहे. अंजीर अजून नुसत्या काठ्या. तू म्हणालीस मेअखेरपर्यंत आशा सोडायची नाही, पण पाण्यात एक दिवसाचीही हयगय नको. पहिला उन्हाळा सगळ्यात अवघड, हेही तूच सांगितलंस.

आता दुसरं. काल तुझ्या मालकीणबाईंचा फोन आला. माझा नंबर त्यांनी पहिल्या पत्रावरून घेतला, तुला न विचारता. त्यांच्यावर रागावू नकोस. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी आहे आणि नंतर दीड महिना तुला उठता-बसता माणूस लागणार आहे. तू त्यांना सांगितलंस, मी बघेन माझं. जानेवारीत पायरी उतरताना तू भिंत धरत होतीस. मी ते पाहिलं आणि विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मी येते आहे. विचारत नाही, कळवते आहे. बुधवारी सकाळच्या गाडीने निघते, संध्याकाळी पोहोचते. दीड महिना राहीन, जास्त लागलं तर जास्त. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. जेवण मी खोलीत ठेवून जाईन. चिडायचं असेल तर चीड, त्यालाही वेळ भरपूर आहे.

अंजिराचं काय, असं तू पहिल्यांदा म्हणशील. शेजारी तोंडओळखीचे, शिपाईमामा गावाला. काल तुझ्या भाऊजींकडे किल्ली घेऊन गेले. त्यांनी कागद घेतला आणि विचारलं, किती पाणी, किती वेळाने. मी सांगितलं, अंजिराला दोन बादल्या, एक दिवसाआड, बुंध्याला नाही, कडेच्या आळ्यात, आणि हळूहळू. त्यांनी सगळं लिहून घेतलं. चुकतील कुठेतरी. मी इथे असते तर चुकले नसते, हे मला कळतं. अंजीर जगलं तर जगलं. नाही जगलं तर कुठल्या महिन्यात नवं लावायचं ते तू सांगशील.

मालकीणबाईंनी आणखी एक सांगितलं. दवाखान्याच्या अर्जात जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात तू आडवी रेघ ओढली आहेस.

ती खोड. तिथे माझं नाव लिही, आणि नात्याच्या रकान्यात 'थोरली बहीण'. तुला लिहावंसं वाटत नसेल तर अर्ज तसाच राहू दे. गुरुवारी दवाखाना उघडला की मी जाईन आणि माझ्या हाताने भरीन.

ताई